चांदीच्या वाटेने कुत्ना होरा : सरत्या उन्हाळ्यातील दोन दिवसांचा सविस्तर बेत

प्रागला जाणारे बहुतेक पर्यटक कुत्ना होरा या चेक प्रजासत्ताकातल्या जुन्या खाणगावाला जेमतेम अर्धा दिवस देतात. सकाळच्या गाडीने उतरायचे, सेड्लेत्स या उपनगरातले, माणसांच्या हाडांनी सजवलेले अस्थिगृह पाहायचे, वेळ उरलाच तर संत बार्बोराच्या चर्चपर्यंत घाईघाईने जाऊन यायचे आणि दुपारी परत फिरायचे, असा हा रूढ क्रम आहे. या गावातली जवळजवळ प्रत्येक मोठी वास्तू चांदीच्या पैशातून उभी राहिलेली आहे. ती चांदी जमिनीखालून वर कशी आली, तिची नाणी कशी पडली आणि त्या नाण्यांतून चर्चची छते कशी बांधली गेली, हे ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने गाव पाहिले तर एकेका दगडाचा अर्थ लागत जातो. म्हणून या लेखात आधी खाण, मग टांकसाळ, त्यानंतर चर्च आणि सर्वांत शेवटी सेड्लेत्स असा क्रम सुचवला आहे, आणि त्यासाठी एक मुक्काम गृहीत धरला आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी लक्षात घ्यावी. सेड्लेत्स येथे ११४२ मध्ये सिस्टर्सियन पंथाच्या साधूंनी मठ स्थापन केला. बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातला, त्या पंथाचा तो पहिला मठ. तेराव्या शतकाच्या अखेरीस मठाच्या परिसरात चांदीच्या खनिजाचे मोठे साठे सापडले आणि लोकांची अशी काही रीघ लागली, की काही वर्षांतच एक नवे शहर उभे राहिले. राजा दुसरा वेन्सेस्लास याने १३०० मध्ये दोन मोठी कामे केली. इटालियन कायदेपंडित गोझियुस याच्याकडून त्याने खाणींसाठी सविस्तर कायदा लिहून घेतला, आणि देशभर विखुरलेली नाणी पाडण्याची व्यवस्था कुत्ना होरा येथील एका टांकसाळीत एकत्र आणून ‘प्रागचा ग्रोश’ हे भरघोस चांदीचे नाणे चलनात आणले. त्यानंतरची दोनअडीच शतके हे गाव वैभवात आणि महत्त्वात फक्त प्रागच्या खाली होते. आज येथे वीस हजारांच्या आसपास लोक राहतात, आणि जुने शहर, संत बार्बोराचे चर्च व सेड्लेत्सचे कॅथीड्रल यांचा १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत समावेश आहे.

कधी जावे

ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. दुपारी तापमान साधारण वीस ते पंचवीस अंशांच्या दरम्यान असते, रात्री मात्र ते दहाबारा अंशांपर्यंत उतरते, त्यामुळे एक स्वेटर जवळ असावाच. ऑगस्टअखेरीस सूर्य संध्याकाळी आठच्या सुमारास मावळतो, म्हणजे वास्तू बंद झाल्यानंतरही पायी फिरण्यासाठी दोनेक तास उजेड मिळतो. चेक शाळा सप्टेंबरच्या आरंभी सुरू होतात. त्यामुळे ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत मुलाबाळांसह आलेल्या स्थानिक कुटुंबांची गर्दी असते, आणि सप्टेंबर लागताच ती एकदम ओसरते. सप्टेंबरमध्ये युरोपीय वारसा दिन साजरे होतात आणि त्या निमित्ताने देशभर एरवी बंद असणाऱ्या काही जागा पाहता येतात. आपल्या तारखा जुळत असतील तर गावाच्या माहिती केंद्रात त्याबद्दल विचारून घ्यावे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या बाबतीत हा काळ नेमका गणपतीच्या आगेमागे येतो. विसर्जन उरकून निघायचे असेल तर सप्टेंबरचा मध्य गाठता येतो आणि तोही उत्तमच असतो. पण मग शेंगेन व्हिसाचा अर्ज गणपतीच्या धावपळीत करावा लागू नये याची काळजी घ्यावी. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. उन्हाळी गर्दीत मुलाखतीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून जूनअखेर कागदपत्रे दिलेली बरी. चेक प्रजासत्ताकात युरो नव्हे, तर कोरुना हे चलन आहे. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, तरीही लहान उपाहारगृहे आणि स्वच्छतागृहे यांसाठी थोडी रोकड व सुटी नाणी बाळगावीत.

पहिली पायरी : खाणीची वेळ आधी ठरवा

इतर सर्व गोष्टी ऐनवेळी ठरवता येतात, खाणीची फेरी मात्र नाही. ती ‘ह्राडेक’ या जुन्या गढीत असलेल्या चेक रौप्य संग्रहालयातर्फे दाखवली जाते, ठरावीक वेळी आणि लहान गटांतच नेली जाते, आणि या काळात शनिवार-रविवारच्या फेऱ्या आधीच भरलेल्या असतात. संग्रहालय सोमवारी बंद असते आणि हिवाळ्यात पूर्णच बंद ठेवले जाते. म्हणून मंगळवार ते शुक्रवार यांपैकी दोन दिवस निवडावेत, संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून किंवा पत्राने दुपारच्या फेरीची जागा राखून ठेवावी, आणि इंग्रजी बोलणारा मार्गदर्शक कोणत्या फेरीला आहे हे त्याच वेळी विचारावे. चेक भाषेतल्या फेरीला गेल्यास आजूबाजूची मंडळी प्रश्न विचारत राहतात आणि आपल्या हाती फारसे काही लागत नाही.

संग्रहालयाच्या दोन स्वतंत्र फेऱ्या आहेत. एक केवळ वरच्या प्रदर्शनाची, आणि दुसरी दीड तासाची, जिच्यात खाणीचा समावेश असतो. तिकीट घेताना दुसरी फेरीच हवी असल्याचे स्पष्ट सांगावे. ज्यांना अरुंद जागेत गुदमरल्यासारखे होते, गुडघे दुखतात किंवा ज्यांची अंगकाठी फार रुंद आहे, त्यांनी पहिल्या फेरीवर समाधान मानावे. याला भित्रेपणा समजण्याचे कारण नाही, कारण एकदा आत शिरल्यावर मधूनच मागे फिरणे अवघड असते. बरोबर लहान मुले असतील तर वयाची अट आधीच विचारून घ्यावी.

दुसरी पायरी : पोहोचणे आणि सामान ठेवणे

कुत्ना होरा प्रागच्या पूर्वेस सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. प्रागच्या मुख्य रेल्वे स्थानकावरून थेट गाडी मिळाली तर तासाभरात पोहोचता येते. काही गाड्यांना कोलीन येथे बदल करावा लागतो. येथे नवख्या माणसाचा एक गोंधळ हमखास होतो. कुत्ना होराचे मुख्य स्थानक, ज्याला चेकमध्ये ‘ह्लाव्नी नाद्राझी’ म्हणतात, ते जुन्या शहरात नसून सेड्लेत्स या उपनगराच्या कडेला आहे. तेथून जुने शहर तीनेक किलोमीटर दूर पडते. मुख्य स्थानकावरच डिझेलवर चालणारी छोटी स्थानिक गाडी उभी असते; ती सेड्लेत्सला थांबून ‘कुत्ना होरा म्येस्तो’ या शहरातल्या स्थानकापर्यंत काही मिनिटांत पोहोचवते. प्रागमध्ये तिकीट काढतानाच ‘म्येस्तो’पर्यंतचे काढावे, म्हणजे पुन्हा खिडकी शोधावी लागत नाही.

एक दिवसाचे पर्यटक मुख्य स्थानकावर उतरून थेट अस्थिगृहाकडे चालू लागतात, कारण ते तेथून दहा-पंधरा मिनिटांवर आहे. मुक्कामाला आलेल्या माणसाने हा मोह टाळावा. सकाळी अकराच्या आत शहरात पोहोचावे, जुन्या शहरातल्याच निवासस्थानी सामान टाकावे, आणि सेड्लेत्स दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर पाहावे. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोनदा जाणेयेणे वाचते. जुन्या शहरातले रस्ते गोट्यांसारख्या दगडांचे आणि चढउताराचे आहेत; चाकांची मोठी बॅग तेथे त्रास देते, आणि गुळगुळीत तळव्यांचे बूट पावसाळी दिवशी घसरतात.

तिसरी पायरी : जमिनीखाली

ह्राडेक ही गढी पंधराव्या शतकाच्या अखेरीस यान स्मीशेक या खाणमालकाकडे होती. राजाच्या चांदीत स्वतःचाही वाटा साधून श्रीमंत झालेल्या घराण्यांपैकी हे एक घराणे होते. फेरीच्या सुरुवातीला खनिजे, अवजारे आणि खाणकामाचे चित्रण पाहायला मिळते. त्यानंतर आवारात ठेवलेले ‘त्रेव्ह’ नावाचे लाकडी यंत्र लागते. मधोमध एक प्रचंड उभा खांब, त्याला घोडे जुंपण्यासाठीचे आडवे दांडे आणि दोर गुंडाळण्यासाठी वर रहाट, अशी त्याची रचना आहे. घोडे गोल फिरत आणि खोलवरून खनिजाने भरलेली, नाहीतर पाण्याने भरलेली चामडी पोती वर येत. येथे घाई करू नये. सर्वांत खोल असलेली ‘ओसेल’ ही खाण मध्ययुगातच सुमारे पाचशे मीटर खाली गेली होती, आणि इतक्या खोलवरून पाणी उपसणे हाच त्या काळचा सर्वांत मोठा खर्च होता, ही गोष्ट हे यंत्र डोळ्यांसमोर असताना चटकन समजते.

मग प्रत्येकाला पांढरा अंगरखा, शिरस्त्राण आणि हातदिवा दिला जातो. अंगरख्याचा पांढरा रंग काही पर्यटकांच्या सोयीसाठी नाही; मध्ययुगातले खाणकामगारही टोपीवजा झडप असलेला असाच पांढरा अंगरखा घालत, कारण अंधारात पडलेला माणूस त्यामुळे सापडत असे. मागच्या बाजूला ते चामड्याचा तुकडा बांधत. बसून घसरत खाली जाताना आणि ओल्या दगडावर बसून काम करताना त्याचा उपयोग होई.

दीडशेहून अधिक पायऱ्या उतरून आपण सुमारे अडीचशे मीटर लांबीच्या बोगद्यात शिरतो. १९६७ मध्ये भूजलाच्या पाहणीच्या वेळी हा जुना भाग पुन्हा हाती लागला. आत वर्षभर बारा अंशांच्या आसपास तापमान असते. बाहेर सव्वीस अंशांची दुपार असली तरी अंगरख्याखाली लांब बाह्यांचा कपडा असावा. सर्वांत अरुंद ठिकाणी वाट फक्त चाळीस सेंटिमीटर रुंद आहे, तर सर्वांत कमी उंची एकशेवीस सेंटिमीटर आहे. पाठीवरची पिशवी वरच ठेवून जावे. भिंतींवर हात फिरवल्यास जवळजवळ असलेल्या, एकाच दिशेने उतरणाऱ्या तिरप्या खाचा बोटांना लागतात. एका हातात दांड्याला बसवलेली छिन्नी आणि दुसऱ्या हातात हातोडा धरून माणसाने मारलेल्या घावांच्या त्या खुणा आहेत. कठीण खडकात एका पाळीत काही सेंटिमीटरच सरकता येत असे. खडक फारच हटवादी असला तर त्यावर लाकडे रचून आग लावत आणि तापून तडकलेला थर मग फोडून काढत. १३००च्या कायद्याने पाळी सहा तासांची ठरवली होती आणि एकाच माणसाने लागोपाठ दोन पाळ्या करण्यास बंदी घातली होती. दिव्यात जाळायला चरबी मिळे, तिचा धूर त्याच बोळात कोंडे. फेरीत एका ठिकाणी मार्गदर्शक सर्वांना दिवे मालवायला सांगतो. तेवढा वेळ मोबाइलचा पडदाही बंद ठेवावा, म्हणजे तो काळोख पुरता अनुभवता येतो.

चेक खाणकामगार एकमेकांना भेटताना ‘झ्दार्झ बूह’ असे म्हणत. देव यश देवो, अशी ती सदिच्छा आहे. बाहेर पडताना मार्गदर्शकाला हे दोन शब्द म्हटले तर त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नाही.

चौथी पायरी : टांकसाळ

ह्राडेकपासून पाचसात मिनिटांत ‘व्लाश्स्की द्वूर’, म्हणजे इटालियन वाडा लागतो. ग्रोशची व्यवस्था बसवण्यासाठी फ्लॉरेन्सहून आणलेल्या तज्ज्ञांवरून त्याला हे नाव पडले. याच वाड्यात टांकसाळ होती आणि राजाचा मुक्कामही येथेच असे. खाणीतून थेट येथे येण्याचा फायदा असा, की ज्या धातूसाठी इतका खटाटोप पाहिला त्याचे अंतिम रूप तळहाताएवढ्या अंतरावरून दिसते. ग्रोश साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा होता, त्याच्या एका बाजूला मुकुट आणि दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांचा बोहेमियाचा सिंह असे. अंगणाभोवती कारागिरांच्या छोट्या कामशाळांचे अवशेष आहेत. चांदीचे पत्रे ठोकणे, त्यांचे गोल तुकडे कापणे, ते उजळवणे आणि दोन ठशांमध्ये ठेवून घणाच्या एका घावात नाणे पाडणे, ही कामे वेगवेगळे लोक करत. फेरीत ही शेवटची कृती प्रत्यक्ष करून दाखवतात. घणाचा आवाज त्या खोलीत इतका कानठळ्या बसवणारा होतो, की दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसांचे काय होत असेल असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. ग्रोश १५४७ पर्यंत पडत राहिला. टांकसाळ १७२७ मध्ये बंद झाली.

वरच्या दालनांत दोन मोठी भित्तिचित्रे आहेत आणि त्यांतले एक विशेष लक्ष देऊन पाहावे. १४०९ मध्ये राजा चौथा वेन्सेस्लास याने याच वाड्यातून एक फर्मान काढले आणि प्राग विद्यापीठाच्या कारभारातले मतांचे पारडे चेक मंडळींच्या बाजूने झुकवले. नाराज झालेले जर्मन प्राध्यापक आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने निघून गेले, आणि त्यातून त्याच वर्षी लाइपझिग विद्यापीठ उभे राहिले. दुसऱ्या चित्रात १४७१ मध्ये येथे झालेली व्लादिस्लाव यागेलोन याची राजा म्हणून निवड दाखवली आहे. राजाच्या खासगी प्रार्थनागृहाची आतली रंगकामे मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीची आहेत. ती पाहून काही जणांचा विरस होतो, मला ती आवडली. जुन्या गॉथिक कमानींवर फुलावेलींची ती नक्षी बिनधास्त आणि मनापासून काढलेली आहे.

संध्याकाळ : पाणी, रस्ते आणि जेवण

सहाच्या सुमारास बहुतेक वास्तू बंद होतात. तेथून पुढचा वेळ रस्त्यांचा. सर्वप्रथम ‘कामेन्ना काश्ना’ हा बारा बाजूंचा दगडी हौद शोधावा. तो पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बांधला गेला. शोभेचे कारंजे समजून लोक त्याचे छायाचित्र काढतात आणि पुढे जातात, पण हा हौद म्हणजे खाणींनी गावाकडून वसूल केलेली किंमत आहे. जमिनीखाली बोगदे खणत गेल्यामुळे झऱ्यांचे पाणी तुटले, विहिरी आटल्या आणि उरलेले पाणी पिण्याजोगे राहिले नाही. चांदीने भरलेल्या गावाला पिण्याचे पाणी लाकडी नळांनी दुरून आणावे लागले आणि ते या हौदात साठवले जाई. जवळच १७१३च्या प्लेगनंतर उभारलेला स्तंभ आहे. त्याच्या पायथ्याशी धर्मपुरुषांच्या जोडीने खाणकामगारही कोरलेले आहेत, ते नीट पाहावेत. ‘दगडी घर’ नावाच्या वास्तूचा कोरीव दर्शनी भाग आणि संत याकुबच्या चर्चचा उंच मनोरा जाताजाता पाहून होतात. रुथार्डका नावाची अरुंद वळणाची गल्ली मात्र चुकवू नये.

त्यानंतर जेझुइट महाविद्यालयासमोरच्या सज्जावर जावे. कठड्यावर संतांचे पुतळे ओळीने उभे आहेत, खाली व्रख्लिस नदीची दरी आहे आणि संत बार्बोराच्या खालच्या उतारावर द्राक्षमळा आहे. ऑगस्टअखेरीस घड रंगावर आलेले असतात. याच दिवसांत ‘बुर्चाक’ मिळू लागते. द्राक्षाचा रस आंबून वाइन होण्याच्या मधल्या अवस्थेतले हे गढूळ, गोडसर पेय चेक कायद्याने १ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर या काळातच विकता येते. ते चवीला सरबतासारखे लागते आणि म्हणून फसवते. त्यात मद्यार्क असतो आणि पोटातही ते आंबत राहते. बाटलीचे झाकण कधीही घट्ट लावू नये, बाटली उभीच ठेवावी, आणि मोटार चालवायची असेल तर थेंबही घेऊ नये, कारण या देशात चालकाला मद्याची कोणतीही सूट नाही.

शाकाहारी मंडळींनी येथे उपाशी राहण्याचे कारण नाही, थोडी विचारपूस मात्र करावी लागते. सरत्या उन्हाळ्यात रानात अळंबी उगवतात आणि चेक कुटुंबे टोपल्या घेऊन ती वेचायला जातात. त्यामुळे ‘कुलायदा’ हे शेपू, बटाटे, अळंबी आणि मलई घातलेले आंबटसर सार या दिवसांत ताजे मिळते; वर अंडे सोडलेले असते, नको असल्यास आधी सांगावे. तळलेले चीज जवळजवळ सर्वत्र असते. बटाट्याचे थालीपीठवजा ‘ब्राम्बोराक’ पुष्कळदा डुकराच्या चरबीत तळतात, म्हणून ते कशात तळले आहे हे विचारावे. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ असावेत. सप्टेंबरमध्ये आलुबुखाराचे उकडीचे गोळे मिळाले तर ते सोडू नयेत. मऊ पारीत अख्खे आंबटगोड फळ असते, वरून वितळलेले लोणी, साखर आणि किसलेले कोरडे दही-चीज घातलेले असते. चेक लोक ते जेवण म्हणून खातात. आपल्यालाही दोघांत एक ताट पुरते.

दुसरा दिवस, सकाळ : संत बार्बोरा

चर्च उघडताच आत जावे. मुख्य वेदी पूर्वेकडे असल्यामुळे सकाळचे ऊन तिच्यामागच्या उंच खिडक्यांतून आत येते, आणि प्रागहून येणारे गट साधारण अकराच्या पुढे पोहोचतात. बार्बोरा ही खाणकामगारांची संरक्षक संत. बांधकाम १३८८ मध्ये सुरू झाले, तेही मठाच्या हद्दीबाहेर, कारण सेड्लेत्सच्या साधूंच्या वर्चस्वातून सुटून स्वतःचे देऊळ बांधायचे हा शहरातल्या धनिकांचा हेतू होता. प्राग कॅथीड्रलच्या पेटर पार्लर्झ याचा मुलगा यान याच्याकडे पहिले काम होते. हुसाइट, म्हणजे यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांच्या, युद्धांमुळे काम थांबले, पुढे मात्यास रेयसेक आणि बेनेडिक्ट रीड या दोन स्थपतींनी ते हाती घेतले, चांदी आटल्यावर पुन्हा थांबले, आणि शेवटी १९०५ मध्ये पूर्ण झाले. छतावरचे तीन तंबूसारखे निमुळते सुळके दुरूनच ओळखू येतात.

आत गेल्यावर मधल्या दालनात एका बाकावर बसून वर पाहावे. रीडच्या छतात दगडी फासळ्या सरळ न जाता वळसे घेत, एकमेकींत गुंतत फुलासारख्या उमलतात, आणि त्यांच्या मधल्या जागांत राजघराण्याबरोबर गावातल्या कारागिरांच्या श्रेणींची चिन्हे आहेत. मला हे छत बोहेमियातल्या सर्व छतांहून श्रेष्ठ वाटते, आणि त्यासाठी अर्धा तास बाजूला काढावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यानंतर वेदीमागच्या लहान प्रार्थनागृहांतून हळूहळू फिरावे. एकात नाणी पाडणारे कारागीर भिंतीवर रंगवलेले आहेत. काल इटालियन वाड्यात पाहिलेली घण उचलण्याची लकब येथे पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रात दिसते. स्मीशेक घराण्याच्या प्रार्थनागृहातली चित्रे अधिक सफाईची आहेत. ह्राडेक ज्यांच्याकडे होते ते हेच घराणे. आणि दालनात एका खांबाजवळ पांढऱ्या अंगरख्यातल्या, मागे चामडे बांधलेल्या, हाती दिवा घेतलेल्या खाणकामगाराचा पुतळा उभा आहे. राजे, संत आणि बिशप यांच्या पंक्तीला एका मजुराला बसवणारे चर्च युरोपात सहज सापडत नाही.

शेजारच्या जेझुइट महाविद्यालयात मध्य बोहेमिया प्रांताचे कलादालन आहे. आधुनिक चेक कलेची आवड असेल तर तेथे तासदीड तास द्यावा. नसेल तर सरळ दरीत उतरून व्रख्लिस नदीकाठच्या पायवाटेने फिरून यावे.

वेळ असेल तर : कांक

ज्यांना जुन्या खाणींचे उघडे अवशेष पाहायचे आहेत, त्यांनी शहराच्या उत्तरेकडील कांक या टेकडीवर जावे. तेथील तुरकांक खाणीत जस्त आणि शिशाचे उत्खनन अगदी १९९१ पर्यंत चालू होते, आणि खनिज काढून टाकलेल्या दगडांचे ढीग अजून उतारांवर पडलेले आहेत. या टेकडीवरून एका खनिजाला कांकाइट असे नाव मिळाले आहे. ते आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याचे संयुग आहे. सांगायचे कारण असे, की चांदीच्या शिरांबरोबर येथे आर्सेनिकयुक्त खनिज मोठ्या प्रमाणात सापडते, म्हणून ढिगाऱ्यांतले पिवळसर-हिरवट पापुद्रे धरलेले दगड आठवण म्हणून उचलू नयेत, मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नये, आणि आसपासची अळंबी किंवा रानफळे तोडून खाऊ नयेत. हुसाइट युद्धांच्या सुरुवातीच्या दोनतीन वर्षांत कॅथलिक खाणमालकांच्या बाजूच्या लोकांनी पकडलेल्या हुसाइटांना याच परिसरातल्या खोल खाणींत ढकलून ठार केले होते. तो इतिहास माहीत असल्यावर झुडपांत दडलेल्या खड्ड्यांकडे पाहण्याची नजर बदलते. कुंपणाच्या आत पाऊल टाकू नये. जुन्या उभ्या खाणींची तोंडे कोसळू शकतात.

शेवटची पायरी : सेड्लेत्स, आणि तेथूनच परत

दुपारी सामान घेऊन स्थानिक गाडीने किंवा बसने सेड्लेत्सला यावे. अस्थिगृहाच्या दाराशी तिकीट मिळत नाही. ते कॅथीड्रल आणि अस्थिगृह यांच्या मधल्या रस्त्यावरील माहिती केंद्रात काढावे लागते. संत बार्बोरासह तिन्ही जागांचे एकत्रित तिकीटही असते, ते घ्यायचे असल्यास सकाळीच घ्यावे.

आधी कॅथीड्रल पाहावे. १४२१ मध्ये हुसाइट सैन्याने मठ जाळला आणि हे चर्च सुमारे पावणेतीनशे वर्षे भग्नावस्थेत उभे राहिले. १७०३ ते १७०८ या काळात तरुण स्थपती यान सान्तिनी याने जुन्या गॉथिक भिंतींवर स्वतःच्या कल्पनेची गॉथिक-बरोक कमानरचना चढवली. आतला भाग फिकट, उजळ आणि जवळजवळ रिकामा आहे. बार्बोराच्या दाटीनंतर हा मोकळेपणा डोळ्यांना सुखावतो. आधाराच्या खांबाशिवाय वर चढत जाणारा त्याचा गोल दगडी जिना जरूर पाहावा. मठ १७८४ मध्ये सम्राट दुसरा योसेफ याने बंद केला, आणि १८१२ पासून त्याच्या इमारतींत तंबाखूचा कारखाना आहे.

अस्थिगृहाची कथा १२७८ पासून सांगितली जाते. मठाधिपती यिंद्रिख याने जेरुसलेमच्या गोल्गोथा टेकडीवरची मूठभर माती आणून दफनभूमीत टाकली, आणि तेथे दफन व्हावे अशी दूरदूरच्या लोकांची इच्छा होऊ लागली. १३४८च्या महामारीत आणि नंतरच्या युद्धांत तेथे हजारो माणसे पुरली गेली. आतल्या अस्थी चाळीस ते साठ हजार माणसांच्या असाव्यात असा अंदाज आहे. १८७० मध्ये फ्रांतिशेक रिन्ट या लाकूडकारागिराने श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्याच्या सांगण्यावरून त्या अस्थींची झुंबरे, माळा आणि त्या घराण्याचे कुलचिन्ह रचले. हे दफनस्थान आहे आणि स्थानिक लोक त्याला तसेच मानतात. २०२० पासून पूर्वपरवानगीशिवाय छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि हा नियम अगदी योग्य आहे, कारण त्याआधी लोक कवट्यांशी गळाभेट घेत छायाचित्रे काढत असत. आवाज खाली ठेवावा, डोके उघडे ठेवावे, आणि लहान मुलांना आत काय आहे ते बाहेरच समजावून सांगावे. दोन दिवस चांदीच्या मागे फिरून येथे आलेल्या माणसाला आणखी एक विचार सुचतो : खाणीत राबलेली, टांकसाळीत घण मारलेली आणि छताच्या फासळ्या घडवलेली कित्येक माणसे याच ढिगांत असतील, आणि कोणती कवटी मालकाची व कोणती मजुराची हे ओळखण्याची सोय रिन्टनेही ठेवलेली नाही.

अस्थिगृहाला अर्धा तास पुरतो. तेथून मुख्य स्थानक पायी पंधरा मिनिटांवर आहे. संध्याकाळी प्रागकडे जाणाऱ्या थेट गाड्या दोन तासांच्या अंतराने असू शकतात, म्हणून कॅथीड्रलमध्ये शिरण्यापूर्वीच गाडीची वेळ पाहून ठेवावी. थेट गाडी हुकली तर फलाटावर थांबून न राहता पहिल्या गाडीने कोलीन गाठावे, तेथून प्रागला गाड्या वारंवार मिळतात.